चौसष्ट मागांची सात माणसे

कापडगिरणीच्या साळखात्यात ज्यांनी एकदा तरी पाऊल टाकलं असेल, त्यांना तिथला आवाज ठाऊक आहे. शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय त्याला काही ऐकू जात नाही. अशा ठिकाणी फळ्यावर लिहिलेला 'एकजुटीने काम करा' हा उपदेश कितीसा उपयोगी पडणार? एकजूट ही कामाच्या वाटणीतच असावी लागते. ती नसली म्हणजे काय होतं आणि आणली म्हणजे काय होतं, याचं एक उदाहरण आज आपल्यापुढे ठेवायचं आहे. ते अहमदाबादचं आहे.

तिथल्या कॅलिको मिल्सने आपल्या ज्युबिली गिरणीत १९५२ साली स्वयंचलित माग बसवले. माग चांगले होते, तरी उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना आणि सदोष कापडही घटेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस हे सल्लागार म्हणून आले. त्यांनी यंत्रांपेक्षा यंत्रांभोवतीच्या माणसांकडे अधिक लक्ष दिलं. माग २२४, कामगार २९. पण या २९ जणांत कामाचे प्रकार मात्र १२! आठ मागवाले, पाच बॅटरी भरणारे, तुटलेले धागे सांधणारे तीन, शिवाय जॉबर, तेलवाला, कापड उचलणारा, झाडूवाला वगैरे मंडळी. (बॅटरी म्हणजे विजेची नव्हे. धोट्यातली कांडी संपली की असा माग आपण होऊन नवी कांडी घेतो; त्या कांड्या ज्या चक्रात भरून ठेवायच्या, त्याचं हे नाव.)

आता शाळेतलं त्रैराशिक मांडून पाहा. एका मागवाल्याकडे सरासरी २८ माग, बॅटरीवाल्याकडे सुमारे ४५, सांधणाऱ्याकडे सुमारे ७५. म्हणजे प्रत्येक मागवाल्याच्या वाट्याला पाच-अष्टमांश बॅटरीवाला आणि तीन-अष्टमांश सांधणारा! माणसाचे असे तुकडे कोण करणार? व्हायचं ते असं. धागे तुटून माग थांबला की मागवाला सांधणाऱ्याला शोधायचा, आणि तो दुसऱ्या कुणाच्या मागात डोकं घालून बसलेला असायचा. दोघंही आपापल्या परीने बरोबर. माग मात्र उभाच. त्यातून कापडाचा प्रकार बदलला, सूत कच्चं निघालं, की तुटातूट वाढायची आणि एकाचं काम दुप्पट, तर दुसऱ्याचं होतं तेवढंच. दोष कुणाचा म्हणायचा? २९ माणसं एका छपराखाली होती, एवढंच त्यांच्यात समान होतं.

राइस यांनी मांडलेली कल्पना अगदी साधी होती. एका माणसाला एक काम, याऐवजी माणसांच्या एका गटाला मागांचा एक गट द्यावा. गटाने ते माग चालवावेत, सांधावेत, तेल घालावं, झाडावेत. ६४ मागांना सात माणसं. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली, आणि कुणी कुणाबरोबर काम करायचं हे त्यांनी आपसांत ठरवलं. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट मोठी वाटते. आपण निवडलेला सोबती मागे पडला, तर त्याची तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? त्याला हात देणं हाच उपाय उरतो.

वरिष्ठांनाही एक सवय सोडावी लागली. तेलवाल्याला एक हुकूम, झाडूवाल्याला दुसरा, हे बंद. जे बोलायचं ते गटाच्या म्होरक्याशी. हुकूम देण्याची सवय सुटायला यंत्र बदलण्यापेक्षा अधिक वेळ लागतो, हे कुणाही नोकरदार श्रोत्याला मी सांगायला नको.

गिरणगावातला श्रोता इथं भुवया उंचावील, आणि त्याचा संशय वावगा नाही. माणशी अधिक माग देण्याच्या योजना हे मुंबईच्या १९२८ च्या मोठ्या संपाचं एक कारण होतं. गटाचं गोड नाव ही माणसं कमी करण्याची आडवाट तर नव्हे ना, हे कामगाराने विचारलंच पाहिजे.

घडी लगेच बसली नाही. आकडे स्थिरावायला दोनेक महिने गेले. तेव्हा मात्र मागांची कार्यक्षमता शेकडा ८० च्या आसपास होती ती ९५ च्या जवळ गेली, आणि सदोष कापड शेकडा ३२ वरून २० पर्यंत उतरलं. माग तेच होते.

पुढे १९६५ साली ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गटाच्या वाढीच्या चार पायऱ्या सांगितल्या. आपल्या भाषेत म्हणायचं तर जमणं, जुंपणं, जुळणं आणि मग काम होऊ लागणं. (पांगण्याची पाचवी पायरी १९७७ साली जोडली गेली.) त्याने तपासलेल्या लेखांत मानसोपचारासाठी जमवलेल्या गटांचा भरणा मोठा होता, कारखान्यातल्या गटांचा नव्हे, तेव्हा या पायऱ्या घड्याळासारख्या मोजू नयेत. पण दुसऱ्या पायरीवरची भांडणं पाहून जो व्यवस्थापक घाबरतो आणि गट मोडून टाकतो, त्याने टकमन अवश्य वाचावा.

आणि जुळलेला गट कायम जुळलेलाच राहतो, असंही नाही. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० साली अहमदाबादला पुन्हा पाहायला गेले. एका साळखात्यात ही पद्धत जवळजवळ होती तशी चालू होती. इतर खात्यांत मात्र ती बरीच विरून गेली होती, आणि माणसं पुन्हा आपापल्या कामापुरती उभी होती.