डबा, कायदा आणि विरजण

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आम्ही 'घरी बिअर करण्याचा आरंभ' या विषयावर बोलणार, हे फलकावर वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. तीस वर्षे केंद्र सरकारची चाकरी केलेल्या, मद्याच्या थेंबालाही न शिवलेल्या गृहस्थास ही बुद्धी कोठून झाली, असे कोणासही वाटेल. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त मेलबर्नला असतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीस चेन्नईला आले, तेव्हा त्यांनी बॅगेतून एक पत्र्याचा डबा काढून आमच्या हाती ठेवला. आत मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा, काकवीसारखा घट्ट पाक होता. हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांनी तो आधीच कडू केलेला होता, आणि झाकणाखाली यीस्टची पुडी होती. "बाबा, सुट्टीत आपण दोघे मिळून करू," चिरंजीव उत्साहाने म्हणाले. आम्ही डब्याचे झाकणही उघडू दिले नाही. शब्दाने शब्द वाढला. डबा आला तसा परत गेला, आणि पुढे सहा महिने फोनवरील आमचे संभाषण प्रकृती आणि हवामान यांपलीकडे गेले नाही.

कायद्याच्या दृष्टीने आमचे चुकले नव्हते. याच प्रांतात राजाजींच्या मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यापासून दारूबंदीचा आरंभ केला. १९७१ मध्ये ती शिथिल झाली, १९७४ मध्ये पुन्हा आली. आज सरकारी दुकानांतून मद्य विकले जाते हे खरे. परंतु घरी मद्य तयार करणे, किंबहुना त्यासाठी साहित्य बाळगणे, हा १९३७ च्या कायद्यान्वये येथे गुन्हाच आहे. महाराष्ट्रातही १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्यावाचून मद्यनिर्मिती करू देत नाही. शिवाय केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या आचरण नियमांतील बाविसावा नियम आम्हांस त्या त्या प्रदेशाचा मद्यविषयक कायदा कसोशीने पाळावयास सांगतो. तेव्हा येथे बसलेल्या कोणीही हा उद्योग चेन्नईत आरंभू नये, हे प्रथमच स्पष्ट करतो.

परंतु आमचा आवाज चढला तो कायद्यामुळे नव्हे. मिरजेस आमच्या बालपणी शेजारच्या काकांची दृष्टी हातभट्टीच्या दारूने गेली. भिंत चाचपीत विहिरीकडे जाणारे ते काका आम्ही रोज पाहिले. डबा हाती येताच आमच्या डोळ्यांपुढे तेच उभे राहिले. आणि हे मात्र आम्ही मुलाला सांगितले नाही.

अखेर सौभाग्यवतींनी विषय काढला. "अहो, नियमांवर बोट ठेवून भांडण्यापेक्षा एकदा तिकडे जाऊन तो काय करतो ते पाहा तरी!" आम्ही उभयता मेलबर्नला गेलो. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या घरापुरती बिअर करण्यास परवाना लागत नाही. ब्रिटनने ही परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने वाट मोकळी केली. दारू गाळण्यास मात्र त्या देशांतही अशी मोकळीक नाही. गाळणे आणि आंबवणे यांतील भेद आम्हांस तेथे समजला. हातभट्टीत आंबवण उकळून त्याची वाफ धरतात. २०१५ साली मालवणीत शंभरावर आणि २०२४ साली आपल्या कळ्ळकुरिच्चीत साठाहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉल या विषामुळे. बिअर गाळली जात नाही, आणि सातूच्या आंबवणात ते विष धोक्याच्या प्रमाणात तयार होत नाही. अतिरेक मात्र तिचाही वाईटच.

आता कृती. पहिला धडा स्वच्छतेचा. पिंप, पळी, नळी, बाटल्या प्रथम धुवावयाच्या आणि मग जंतुनाशकाच्या पाण्यातून काढावयाच्या. चिरंजीवांचा अर्धा दिवस यातच गेला. मग १.७ किलोचा तो पाक आणि सुमारे १ किलो साखर गरम पाण्यात विरघळवून, थंड पाणी घालून एकूण २३ लिटर केले. पाणी कोमट, म्हणजे वीस-बावीस अंशांवर आल्याशिवाय यीस्ट घालावयाचे नाही. कढत पाण्यात ते मरते. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढेच ना? विरजणासारखेच आहे की!" आम्ही कलाशाखेचे पदवीधर, इतके नेमके आम्हांस सुचले नसते.

झाकणावर पाणी भरलेली वाकडी नळी बसवली. तिच्यातून आतला वायू बाहेर येतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. तेथे हिवाळा होता. दुसऱ्या दिवशीही एक बुडबुडा दिसेना. चिरंजीवांनी पिंपाला घोंगडी गुंडाळली, आणि थंडीत दह्याचे भांडे लुगड्यात गुंडाळून ठेवणारी आमची आई आम्हांस आठवली. रात्री नळी बोलू लागली. त्याच रात्री आम्ही मुलाला मिरजेच्या काकांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, हे तेव्हाच सांगायचे होते."

सातव्या दिवशी बुडबुडे थांबले. आमचा परतीचा दिवस जवळ आला होता, म्हणून बाटल्या भरून टाकण्याची घाई आम्हीच केली. चिरंजीवांनी एक काचेची नळी द्रवात तरंगत सोडली. दुधातील पाणी ओळखण्याच्या लॅक्टोमीटरची ती बहीणच. आरंभी आकडा १.०४० होता, आता १.०१६. "साखर अजून शिल्लक आहे. आताच बाटलीत कोंडली तर वायू साचून बाटल्या फुटतील. आकडा दोन दिवस हलता कामा नये." दहाव्या दिवशी १.०१० आला आणि पुढील दोन दिवस तेथेच स्थिर राहिला. त्या दोन आकड्यांच्या फरकावरून मद्यांश सुमारे चार टक्के, हेही त्यांनी मांडून दाखविले. मग प्रत्येक बाटलीत मोजून साखर, लिटरला साधारण सात ग्रॅम, घालून बुचे बसविली. त्या चिमूटभर साखरेनेच बाटलीत फेस धरतो; त्याला आणखी दोन आठवडे लागतात.

मंडळी, वडिलांची घाई मुलाने नम्रपणे थोपवावी, आणि तीही मापाच्या आधारावर, हे पाहताना आमची जुनी भीती निवळली. ज्याला थांबणे कळते आणि मोजणे कळते, त्याची काळजी थोडी कमी करावयास हरकत नाही.

ती बिअर आम्ही चाखली नाही. बाटल्या तयार होण्यापूर्वीच आम्ही परतलो होतो. चेन्नईच्या उकाड्यात सौभाग्यवतींचे इडलीचे पीठ रातोरात उतू जाते आणि दही दुपारपर्यंत आंबट होते. आंबवण्याची आमची हौस तेवढ्यावर भागते. पण दोन आठवड्यांनी रात्री फोन आला. "बाबा, ऐका," चिरंजीव म्हणाले, आणि बूच उघडल्याचा 'फस्स' असा आवाज आम्ही उभयतांनी ऐकला. त्यानंतर आमचे बोलणे तासभर चालले. हवामानाचा विषय निघाला नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले दूरदेशी आहेत. त्यांच्या हातात आपल्याला न रुचणारा एखादा डबा दिसला, तर कायदा जरूर सांगावा. पण आपली भीतीही सांगावी, आणि जमल्यास शेजारी बसून ते काय करतात ते पाहावे. इतके बोलून आपली रजा घेतो.