बळकटी हवी, पण कोठे?

(कोल्हापूर येथे यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि गॅरेजचालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे बोलण्याचा अधिकार मला नाही. मी कलाशाखेचा पदवीधर. आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. तरीही संयोजकांनी मला बोलावले, याचे कारण माझ्या पुतण्याची गाडी. तिच्या इंजिनात बळकटीचा एक ऐच्छिक भाग बसवावा की नाही, या प्रश्नाने आमच्या घरात वर्षभर ठाण मांडले होते. बातमीदाराच्या सवयीने मी जाणकारांना विचारीत गेलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो. ओतकाम आणि यंत्रकाम जाणणाऱ्यांचे हे गाव आहे. माझे कोठे चुकले तर येथेच सुधारावे.

गाडी होंडा सिटी. २००० साली भारतात आलेले व्हीटेकचे दीड लिटरचे, सुमारे १०६ अश्वशक्तीचे इंजिन तिच्यात आहे. पुतण्याने त्याला टर्बो जोडण्याचे ठरविले आणि पहिली खरेदी केली ती 'ब्लॉक गार्ड' या भागाची. हा भाग म्हणजे सिलिंडरांच्या आकाराप्रमाणे कापलेली ॲल्युमिनियमची जाड पट्टी. ती ब्लॉकच्या माथ्यावर, पाण्याच्या पोकळीत दाबून बसवितात.

ही पट्टी हवी कशाला, हे समजण्यासाठी ब्लॉकची घडण पाहावी लागते. या इंजिनाचा ब्लॉक 'ओपन डेक' प्रकारचा आहे. त्यात सिलिंडर तळाशी ब्लॉकला जोडलेले, शेजारच्या सिलिंडराला टेकलेले. पण वरच्या टोकाला त्यांच्याभोवती मोकळे पाणी. वरून हेड आणि गॅस्केट यांचा दाब, एवढाच आधार. असे करण्यामागे दोन कारणे आहेत. साच्यात दाबाने ॲल्युमिनियम ओतल्यावर पाण्याच्या पोकळीचा पोलादी गाभा सरळ वर काढून घेता येतो, वाळूचा गाभा करावा लागत नाही. आणि सिलिंडरचा माथा, म्हणजे सर्वांत तापणारी जागा, थेट पाण्यात राहते. कारखान्यातून निघालेल्या शक्तीला ही रचना पुरेशी आहे. टर्बोने ज्वलनाचा दाब बराच वाढला, तर मात्र सिलिंडरचे मोकळे टोक हलू लागते, गॅस्केट सुटते, प्रसंगी लाइनरला चीर जाते. त्या टोकाला आधार द्यावा, ही ब्लॉक गार्डमागची कल्पना. कल्पनेत खोट नाही.

खोट निघाली ती आमच्या घाईत. बोअर आणि होनिंग पूर्ण झालेल्या ब्लॉकमध्ये एका गॅरेजमध्ये ती पट्टी ठोकून बसविली गेली. गाडी सुरू झाली, घरात पेढे वाटले गेले. महिन्याभरात गर्दीच्या रस्त्यावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. पाठोपाठ इंजिन तेल जाळू लागले. हेड उघडले तेव्हा दिसले की सिलिंडर माथ्याशी गोल राहिलेले नाहीत. घट्ट पट्टीने बिडाच्या लाइनरला बाहेरून दाबले होते, आणि जेथे पाण्याची सर्वाधिक गरज तेथेच त्याची वाट अडविली होती. पोराची दोन वर्षांची बचत त्या उघड्या इंजिनात पडलेली पाहताना फार वाईट वाटले. आणखी वाईट याचे, की पैसे द्यायला होकार मीच दिला होता. 'बळकटीच आहे ना, मग तोटा काय?' हे माझे वाक्य.

मित्रहो, या वाक्यातच चूक आहे. इंजिनात निव्वळ भर अशी गोष्ट नसते. प्रत्येक जोडभाग काही देतो आणि काही घेतो. म्हणून त्याची किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : भार कोणता वाढणार आहे? टर्बोने दाब वाढतो, तर नुसते फेरे वाढविल्याने जडत्वाचा भार वाढतो, आणि तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांचे इंजिन ७,५०० वर नेले, तर फेरे सव्वापट होतात, पण कनेक्टिंग रॉडवरील जडत्वाचा भार सुमारे ५६ टक्क्यांनी चढतो. अशा इंजिनाला ब्लॉक गार्डचा उपयोग नाही. तेथे रॉड आणि त्यांचे बोल्ट पाहावे लागतात.

दुसरा प्रश्न : आधी काय तुटणार? टर्बो बसविलेल्या मूळ इंजिनात पुष्कळदा सिलिंडरच्या आधी पिस्टनच्या रिंगांमधली भिंत फुटते किंवा रॉड वाकतो. त्याच्या मुळाशी बहुधा इंधनाचे चुकलेले प्रमाण आणि अवेळी होणारा स्फोट, म्हणजे आपण ज्याला नॉकिंग म्हणतो ते असते. नॉकिंग चालू असेल तर कोणतीही पट्टी इंजिन वाचवीत नाही.

तिसरा प्रश्न : आधार योग्य जागी पडतो काय? अमेरिकेत फोर्डच्या ३०२ घन इंची व्ही-८ इंजिनाला मेन बेअरिंगच्या टोप्या एकत्र बांधणारी 'गर्डल' विकत मिळते. परंतु सुमारे ५०० अश्वशक्तीच्या पुढे तो मूळ ब्लॉक मधोमध उभा चिरतो, असा तेथील कारागिरांचा जुना अनुभव आहे. चीर जाते पातळ भिंतींना. गर्डल धरते खालच्या टोप्यांना. उलट, फोर्डच्याच ४२७ घन इंची इंजिनात मेन बेअरिंगच्या टोप्यांना बाजूनेही बोल्ट होते आणि ते ब्लॉकच्या खोल भिंतीत रुतलेले होते. या इंजिनाच्या गाड्यांनी १९६६ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोहोंत बळकटीचा हेतू एकच. पण एक ब्लॉकसह आखलेली, दुसरी मागाहून चिकटविलेली.

तर मग ब्लॉक गार्ड टाकाऊ आहे काय? तसे मी म्हणणार नाही. दाब खरोखर वाढणार असेल, वाढीव शक्ती थोड्या वेळापुरती वापरायची असेल आणि मोठा खर्च झेपत नसेल, तर त्याला जागा आहे. मात्र तो बोअर करण्याआधी बसवावा, आणि हेडचा ताण देणारी टॉर्क प्लेट आवळून मगच बोअर व होनिंग करावे. पाण्याची छिद्रे गॅस्केटच्या छिद्रांशी जुळवून पाहावीत. शक्ती फारच वाढवायची असेल, तर वरच्या टोकाला कडा असलेले, एकमेकांना टेकणारे जाड स्लीव्ह बसविणे हा पक्का उपाय. पण तो महाग, आणि त्याला उत्तम यंत्रशाळा लागते. रोज कचेरीला न्यायची, हलका टर्बो असलेली गाडी असेल, तर यांपैकी काहीच नको.

आमच्या पुतण्याने यंदा इंजिन पुन्हा बांधले. सिलिंडर नव्याने बोअर केले, घडीव पिस्टन आणि मजबूत रॉड घातले, टर्बोचा दाब कमी ठेवला आणि उरलेले पैसे इंधनाच्या मापनावर व ट्यूनिंगवर खर्च केले. ब्लॉक गार्ड बसविला नाही. या वेळी निर्णय त्याने घेतला. मी फक्त तीन प्रश्न विचारले.

आपल्यापैकी अनेकजण उद्या गिऱ्हाइकासमोर उभे राहतील. गिऱ्हाईक उत्साहाने भाग घेऊन येईल, आणि तो बसवून देण्यात आपलीही कमाई असेल. अशा वेळी 'तुझ्या इंजिनाला याची गरज नाही' असे सांगणारा कारागीर त्या दिवशीची मजुरी गमावतो. पण ते इंजिन आणि त्यामागची कुणाची तरी बचत तो वाचवितो. आम्हांला वर्षभरापूर्वी असा एक माणूस भेटायला हवा होता. आपण तसे व्हावे, एवढीच विनंती करून मी थांबतो.