कपाटाची किल्ली कुणाकडे?

(वस्तीतल्या वाचनालयाच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी काही विचारवंत नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो. धक्क्यावर माल उतरवतो, उरलेल्या वेळात कविता करतो. काल रात्रपाळी होती, डोळे चुरचुरतायत, तेव्हा लांबण लावणार नाही.

आपल्यापुढं ठराव आहे. 'अवघड विषयांच्या' कादंबऱ्यांवर '१८ वर्षांवरील' अशी चिठ्ठी डकवायची आणि त्या वेगळ्या कपाटात कुलपात ठेवायच्या. दोन महिन्यांपूर्वी हा ठराव मांडला कुणी? मीच. आज मीच त्याच्या विरोधात उभा आहे. का, ते सांगतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी वाचनालयात बसायची माझी पाळी होती. तेरा वर्षांची एक पोरगी आली. आपल्याच वस्तीतली, नाव सांगत नाही. तिनं बाबूराव बागुलांची 'सूड' मागितली. १९७० सालचं पुस्तक. एका बाईच्या वाट्याला आलेला छळ आणि तिचा संताप. मी म्हटलं, "हे तुझ्या वयाचं नाही. मोठी झाल्यावर ने."

ती म्हणाली, "दादा, रात्री संडासला जायचं तर आई बॅटरी घेऊन माझ्यासंगं येते. का येते ते तुम्हाला ठाऊक आहे. ते माझ्या वयाचं आहे का?"

माझी बोलती बंद. पोरगी रिकाम्या हातानं गेली. मी किल्ली खिशात घालून बसून राहिलो. खिसा जड झाला होता.

मग मी वय ह्या गोष्टीचा छडा लावायला बसलो. सिनेमाला सर्टिफिकेट असतं. २०२३ च्या दुरुस्तीनं त्यात सात, तेरा आणि सोळा असे टप्पे पाडले. कादंबरीला तसलं सर्टिफिकेट लागत नाही. जुन्या दंडविधानात अश्लील वस्तू वीस वर्षांखालच्या माणसाला विकणं हा वेगळा गुन्हा होता. जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली आणि विसाचे अठरा झाले. म्हणजे वय काही आभाळातून पडत नाही. माणसं टेबलाभोवती बसतात आणि आकडा लिहितात. कामाचा कायदा बघा. चौदा पूर्ण झाले की धोक्याची कामं सोडून पोराला कामाला लावता येतं. म्हणजे चौदाव्या वर्षी त्यानं हॉटेलात कपबश्या विसळायच्या आणि कपबश्या विसळणाऱ्या पोराची कादंबरी अठराव्या वर्षी वाचायची!

गटारात उतरून माणसं मरतात. २०१३ चा कायदा आहे तरी मरतात. मेलेल्याची पोरं आठ-दहा वर्षांची असतात. त्यांच्या बापाचं मरण कादंबरीत आलं की ते 'अवघड' होतं. कुणाला अवघड? ज्याच्या घरात ते कधी शिरलंच नाही त्याला. पांढरपेशांची पोरं निरागस राहावीत म्हणून काढलेली चिठ्ठी आपण आपल्या कपाटाला का डकवायची?

आणि कोर्टसुद्धा बोललंय. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या 'श्यामा' नावाच्या मराठी कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. लेखक चंद्रकांत काकोडकर. हायकोर्टानं दोषी धरलं, १९६९ साली सुप्रीम कोर्टानं सोडलं. कोर्टाचा मुद्दा साधा होता. स्त्री-पुरुष संबंधाचा उल्लेख आहे एवढ्यावरून अडवायचं तर तरण्या पोरांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, हाती निव्वळ धार्मिक पुस्तकं राहतील. आता धार्मिक पुस्तकांत आपल्याबद्दल काय लिहिलंय ते आपल्याला माहीत आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. तिच्यावर कुणी वय छापलं नव्हतं.

पण थांबा. पुस्तकानं काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. मी बारा वर्षांचा असताना रद्दीत एक चोपडं सापडलं. फाटकं कव्हर, आत नुसत्या बायका. चोरून वाचलं. विचारायला कुणी नाही. बाई म्हणजे काय, ह्याची घाण कितीतरी वर्षं डोक्यात राहिली. ती अजून धुतोय. त्या चोपड्यात अवघड काहीच नव्हतं. सगळं सोपं होतं, म्हणून तर ते डोक्यात बसलं. आज तसलं मोबाईलवर बोटाच्या टोकाशी आहे, तिथं वय विचारतं कोण? कुलूप काय ते बागुलांना!

इयत्ता बघून पुस्तक द्यायचं तर अण्णा भाऊ साठ्यांना कुणी काय दिलं असतं? त्यांची शाळा दीड दिवसाची. त्या माणसानं १९५९ साली 'फकिरा' दिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

आता पोरीचं काय झालं ते. पुढच्या रविवारी मी 'सूड' घेऊन तिच्या घरी गेलो. तिच्या आईला सांगितलं, पुस्तकात काय आहे ते. आई म्हणाली, "मला वाचता येत नाही. पोरगी वाचंल, मी ऐकीन." शेजारच्या नर्सताई दोघींजवळ बसल्या. तीन रात्री लागल्या. तिघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही, तो माझा अधिकार नाही. पुस्तक परत करताना पोरगी एवढंच म्हणाली, "दादा, शेवट मला पटला नाही. मी असते तर वेगळं केलं असतं."

मित्रांनो, ह्यापेक्षा मोठा वाचक आपल्या वाचनालयाला अजून भेटलेला नाही.

म्हणून माझा ठराव मी मागं घेतो आणि तीन गोष्टी मांडतो. एक, कुठल्याही कादंबरीवर वयाची चिठ्ठी नको. दोन, देणाऱ्यानं ती आधी वाचलेली असावी. पोरगं लहान असेल तर आत काय आहे ते सांगावं, संगती कोण बसणार ते विचारावं, आणि ते 'आत्ता नको' म्हणालं तर तेही ऐकावं. तीन, आपल्या समितीत आपण पाच जण, पाचही बाप्ये. बायांच्या दुःखाची पुस्तकं कुणी वाचायची, हे आपण पाच जणांनी ठरवलं! मी माझी जागा सोडतो. तिथं नर्सताईंना घ्या.

किल्ली ही टेबलावर ठेवली. जय भीम.