चंचल मूल आणि शाळेची शिस्त

(हीरकमहोत्सवानिमित्त भेडाघाट येथे भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



जबलपूरच्या मराठी कुटुंबांना भेडाघाट नवा नाही. घरी पाहुणा आला की त्याला धुआंधार दाखवावा, नावेतून संगमरवरी कडे पाहावेत, चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या चढाव्यात, हा येथला परिपाठ. शाळांच्या सहलीही येथेच येतात. मात्र सहलीच्या यादीतून एखादे नाव अनेकदा वगळले जाते. ‘तो स्थिर राहत नाही, पाण्याकडे धावेल,’ असे कारण दिले जाते. ही भीती खोटी नाही. परंतु त्या वगळण्याला शिस्त म्हणावे काय, हा विचाराचा विषय आहे.

अशा मुलाला आजवर द्वाड, वांड, उनाड ही विशेषणेच लाभली. वैद्यकशास्त्रही प्रारंभी याहून फार निराळे बोलत नव्हते. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत बुद्धीने कमी नसलेल्या, तरीही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनीही हा नैतिक संयमाचा दोष मानला. पुढे समजूत पालटली. आज या अवस्थेला अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, असे म्हणतात. शंभरांपैकी साधारण पाच मुलांत ती आढळते.

अर्थात प्रत्येक खोडकर मूल अतिचंचल नसते. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली, निदान सहा महिने टिकलेली, घरी व शाळेत दोन्हीकडे आढळणारी आणि मुलाच्या अभ्यासात वा नात्यांत अडथळा आणणारी असावी लागतात. निदान तज्ज्ञांनीच करावे. शिक्षकांनी निरीक्षणे नोंदवावीत. मागच्या बाकावर गुपचूप हरवून बसणारी मुलगीही याच अवस्थेतील असू शकते. ती कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे लक्षही जात नाही.

या मुलाला नियम ठाऊक असतो. नेमक्या क्षणी तो हाताशी येत नाही. ऊर्मी आणि कृती यांच्यामध्ये इतर मुले जो क्षणभर विराम घेतात, तो त्याला साधत नाही. म्हणूनच तासाभराने केलेली शिक्षा त्याला दुखावते, पण शिकवीत नाही. खेळाचा तास बंद करणे तर अधिकच उलटे ठरते, कारण हालचाल हीच त्याची गरज असते. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे. परंतु कायद्याच्या धाकाने छडी खाली ठेवली, एवढ्याने शिस्त येत नाही. शिस्तीचा आधार त्या क्षणी, त्या जागी द्यावा लागतो.

तो आधार साधाच आहे. मुलाला पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी. दहा गणिते दोन-दोन करून द्यावीत. मध्ये वह्या वाटण्याचे, फळा पुसण्याचे काम सांगावे. योग्य वागणुकीची दखल लगेच घ्यावी. घर आणि शाळा यांनी एकाच वहीत रोजची नोंद ठेवावी, आणि त्या वहीत केवळ तक्रारी नसाव्यात. गरज भासल्यास डॉक्टर औषधही देतात. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

‘भरल्या वर्गात एकाचेच लाड का?’ असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर चष्म्यात आहे. चष्मा लावणाऱ्या मुलाला फळा वाचण्यातून सूट मिळत नाही. फळा त्यालाही वाचावाच लागतो. नियम सर्वांना एकच असावा, तो पाळण्यासाठी लागणारा आधार ज्याचा त्याला मिळावा. मराठी शिक्षणपरंपरेला हे परके नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून, कुरणशाळेच्या रूपाने शाळाच त्यांच्यापाशी नेली.

हाच विचार भेडाघाटच्या सहलीलाही लागू पडतो. येथील खडक निसरडे आहेत, पाणी खोल आहे. येथे सैलपणा परवडणारा नाही. म्हणून त्या मुलासोबत एक मोठे माणूस नेमून द्यावे. कठडा कोठे आहे आणि कोठवर जायचे, हे बसमधून उतरण्यापूर्वी सांगावे, त्याच्याकडून वदवून घ्यावे आणि कठड्यापाशी पुन्हा सांगावे. मुलांची मोजदाद करण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

एवढी तजवीज केली, तर यादीतले ते नाव खोडावे लागणार नाही. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या शिस्तीची परीक्षा शांत बसणाऱ्या मुलांवरून होत नाही. ज्याला शांत बसता येत नाही, तोही त्या शाळेत टिकतो की नाही, यावरून होते.