मावळातले गावरस्ते आणि सायकल



पुणे–लोणावळा म्हटलं, की आठवते वाहनांची गर्दी.
द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे.
जुन्या महामार्गावर ट्रकांची वर्दळ असते.
म्हणून मावळात सायकलस्वारानं हमरस्ता सोडावा, गावरस्ता धरावा.

असे रस्ते तिन्ही मावळांत आहेत.
पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ.

कामशेतहून दक्षिणेला वळलं, की लागतं बेडसे गाव.
तिथल्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत.
पुढे रस्ता पवनानगरला जातो.
जवळच पवना धरणाचं पाणी;
आणि आसपास तिकोना, तुंग, लोहगड!

कामशेतहूनच नाणे मावळात जाता येतं, वडिवळे धरणाच्या दिशेनं.
आंदर मावळासाठी कान्ह्याहून टाकवे गाठावं.
पुढे वर्दळ विरळ होत जाते.

पावसाळ्यात दुतर्फा भातखाचरं दिसतात.
घरोघरी शिजणारा इंद्रायणी तांदूळ मावळचाच.
वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं तो १९८७ साली दिला.

एक काळजी मात्र घ्यावी.
शनिवार-रविवारी पवनेकडे पर्यटकांच्या गाड्या वाढतात.
म्हणून इतर दिवसांतली एखादी सकाळ निवडावी.
धुक्यात दिवा लावावा.
पाणी आणि पंक्चरचं सामान सोबत ठेवावं.

आणि लक्षात असू द्या, श्रोतेहो:
हमरस्ता सोडायचा, गावरस्ता धरायचा!