आधी वेगळे करा, मग खड्ड्यात टाका
(भिवंडी तालुक्यातील भात उत्पादक शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



विद्यापीठाच्या आवारातील कचऱ्याचे काय करतात, यावर बोलायला मला आज सांगितले आहे. पेरणी तोंडावर आली असताना हा कसला विषय, असे काहींना वाटेल. पण विद्यापीठाचे आवार म्हणजे एक गावच असते. वसतिगृहाची खाणावळ, गोठा, रोपवाटिका, प्रयोगशाळा, कार्यालय, राहती घरे. तुमच्या उकिरड्यावर येते ते सगळे तिथे येते, वर चार जिन्नस जास्तच.

चुकले ते आधी सांगतो. मी पूर्वी ज्या आवारात नोकरीला होतो, तिथे झाडलोटीचा सगळा कचरा एकाच खड्ड्यात जाई. पालापाचोळा, खरकटे, कागद आणि खोल्यांतला केर. वर शेणकाला आणि माती. चार-पाच महिन्यांत खत काळेभोर झाले, आम्हीही खूश. ते भाजीच्या वाफ्यांना घातले आणि पहिल्याच खुरपणीला एका मजूर बाईंचा तळहात चिरला. प्रयोगशाळेतली फुटकी काचनळी होती ती. टाके पडले, कामाचे आठ दिवस बुडाले. त्यात त्या बाईंची चूक काहीच नव्हती. उरलेले खत आम्ही चाळायला घेतले तेव्हा कळले की, कुजलेल्या ढिगातून काच, टाचण्या आणि पिशव्यांचे तुकडे वेचणे म्हणजे तांदळात सांडलेली वाळू निवडणे होय. पाच मिनिटांचे काम आम्ही चार महिने पुढे ढकलले आणि ते चार दिवसांचे करून घेतले.

त्यानंतर नियम केला की, कचरा जिथे पडेल तिथेच वेगळा करायचा. खाणावळीच्या दारात दोन पिंपे ठेवली. एकात भाजीची देठे, साली, खरकटे. दुसऱ्यात पिशव्या, बाटल्या, डबे. कार्यालयातला कागद कोरडा राहिला तर रद्दीवाला पैसे देऊन नेतो, त्यावर चहा सांडला की फुकटही नेत नाही. फुटकी काच आणि औषधांच्या बाटल्या प्रयोगशाळेतच झाकणाच्या डब्यात कुलपाखाली राहू लागल्या. पहिले काही महिने पिंपांची अदलाबदल होतच होती. विद्यार्थी शिकलेले असतात, म्हणून ऐकतातच असे नाही!

सर्वात चिवट निघाल्या त्या रोपवाटिकेतल्या काळ्या पिशव्या. आंब्या-काजूची कलमे या पिशव्यांत वाढवतात. कलम लावताना पिशवी कापून काढायची असते, पण घाईत कित्येक जण ती तळाशी तशीच ठेवतात. मुळे आत गुंडाळत राहतात आणि झाड का वाढत नाही म्हणून आपण खताला दोष देतो. पिशवी काढा, झटकून पोत्यात भरा. एका पिशवीला किंमत नाही, पोतेभर झाल्या की भंगारवाला विचारतो.

विद्यापीठ आणि कचरा यांची आणखी एक गोष्ट पुण्यात घडली. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये गेल्या. गेल्या होत्या अक्षरे शिकवायला. पण त्यांच्या ध्यानात आले की, घरातूनच ओला-सुका वेगळा मिळाला तर या बायांना उकिरड्यात हात घालावा लागत नाही आणि मालही स्वच्छ मिळून चार पैसे जास्त येतात. त्यातून मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ मध्ये याच बायांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला घेतला.

आता आपल्या भिवंडीकडे येऊ. इथे यंत्रमाग घरोघर. सुताचा गुंता आणि चिंध्या वाऱ्याने, ओढ्याने, कधी टेम्पोने बांधावर येतात. कापसाचे सूत जमिनीत कुजते. पॉलिएस्टर कुजत नाही. ते पॉवर टिलरच्या पात्यांना गुंडाळते आणि चाऱ्यातून गेले तर जनावराच्या कोटीपोटात त्याचा गोळा बसतो. मग रवंथ बंद, पोट फुगते आणि दुभती गाय हातची जाते. पारख सोपी आहे. चार धागे चिमट्यात धरून काडी लावा. कापूस असेल तर जळका कागदाचा वास येतो आणि बोटाने मोडणारी राख राहते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मिसळीचे सूत असेल तर दोन्ही दिसते, तेही खड्ड्यात नको. रंगलेल्या चिंध्या आणि रंगकामातला गाळ तर शेतात मुळीच घेऊ नका, मग तो खत म्हणून कोणी फुकट देवो.

राबाविषयी स्पष्ट बोलतो. राब भाजताना कवळांबरोबर खताच्या रिकाम्या प्लास्टिक गोण्या आणि पिशव्या पेटवलेल्या मी पाहिल्या आहेत. तो धूर फुंकर घालणाऱ्याच्या छातीत जातो. शिवाय भाताचा स्वतःचा कचरा असताना हे हवे कशाला? चारसूत्री भात लागवडीतले पहिले सूत्रच भाताच्या अवशेषांच्या फेरवापराचे आहे. तुसाची काळी राख गादीवाफ्यावर दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मातीत मिसळावी. त्यातून सिलिका व पालाश मिळते, रोप कणखर होते आणि खोडकिडीला सहज बळी पडत नाही. राख तुसाचीच असल्याची खात्री करा. भट्टीत चिंध्या जाळणाऱ्यांची राख नको.

उरलेला पाला, तण आणि सडका पेंढा यांचे खत करा. नुसता पेंढा लवकर कुजत नाही, त्याला शेण किंवा गिरिपुष्पाचा हिरवा पाला जोडीला द्यावा. पुसदच्या नाडेप काकांचे टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोके ठेवलेले. एका टाक्याला सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा लागतो, पण शेण अवघे ९० ते १०० किलो. ज्यांच्याकडे एकच गाय उरली आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडच्या पावसात खड्डा पाण्याने भरतो, म्हणून टाके जमिनीवरच बांधा आणि वर झापांचे छप्पर करा.

शेवटी, शहरातून कोणी ‘सेंद्रिय खत’ म्हणून गाडी घेऊन आला तर आधी गाडी रिकामी करू देऊ नका. चार ठिकाणचे ओंजळभर खत पाण्याच्या बादलीत टाकून ढवळा. पिशव्यांचे तुकडे वर तरंगतात, काच तळाशी बसते. बादली हळूच ओता, तळात हात घालू नका. त्यात काही निघाले नाही तर थोडे खत मातीत मिसळून कुंडीत वालाचे दहा दाणे पेरा आणि दुसऱ्या कुंडीत नुसत्या मातीत दहा. आठ-दहा दिवस थांबा. नुसत्या मातीतले उगवले आणि खतातले पिवळे पडले, तर गाडीवाल्याला परत पाठवा.