किल्ली देऊन टाक

आमचे भाईजान सोलापूरच्या एस. टी. स्टँडसमोर जीप लावायचे. कर्जावर घेतलेली ट्रॅक्स. दिवसा वडाप, रात्री मिळालं तर स्पेशल भाडं. १९९८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दहाच्या सुमाराला चार जण आले. तुळजापूरला जायचं म्हणाले. एकाच्या हातात नारळाची पिशवी होती. भाड्यावरून त्यांनी घासाघीस केली नाही. "तिथंच मला कळायला हवं होतं," असं भाईजान नंतर कितीदा तरी म्हणाले.

घाट लागण्याआधी एकानं लघवीला थांबायला सांगितलं. गाडी थांबली आणि मागून गळ्याभोवती दोरी आली. भाईजान तालमीतले गडी. पण त्यांनी हात सैल सोडले आणि म्हणाले, "गाडी घ्या, मला उतरू द्या." त्यांना खड्ड्यात ढकलून जीप गेली ती गेलीच.

पहाटे ते घरी आले. गळ्यावरचा लाल वळ बघून अम्मानं शुकराण्याची नमाज पढली. स्टँडवर मात्र लोक हसले. पहिलवान असून गाडी दिली म्हणाले. भाईजान महिनाभर घराबाहेर पडेनात. तेव्हा अब्बा म्हणाले, "बेटा, जीप लोखंडाची होती. लोखंड बाजारात मिळतं." पुढची तीन वर्षं नसलेल्या जीपचे हप्ते आम्ही दोघांनी फेडले.

मी चाळिशीत गाडी शिकलो, ती भाईजानकडूनच. पहिला धडा क्लचचा नव्हता, दाराचा होता. बसलास की आधी दारं लॉक कर, मग गाडी चालू कर. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर ठेव, म्हणजे निघायला वाट राहते. काचेवर कुणी अंडं फेकलं तर तिथं थांबू नकोस. उजेडापर्यंत हळू चालत राहा. रात्री सुनसान जागी मागून किरकोळ धक्का बसला तर तिथं उतरू नकोस, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर थांब. किल्ली लावून ठेवून कधी खाली उतरू नकोस. भाड्यानं चालवणाऱ्यांना ते आजही सांगतात, की स्टँड सोडण्यापूर्वी गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर आणि कुठं निघालो ते घरी कळवा.

आणि शेवटचा धडा : गळ्याशी आलंच, तर किल्ली देऊन टाक. हात दिसतील असे ठेव, झटापट करू नकोस. मागं मूल असेल तर आधी मोठ्यानं तेवढं सांग आणि त्याला घेऊन उतर.

रात्रीच्या रस्त्याचा धोका कायद्यानंही ओळखला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तीच सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महामार्गावर झाली तर १४ वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेतही ही तरतूद होती. आता ११२ हा एकच नंबर फिरवला की पोलीस मिळतात. १ जानेवारी २०१९ पासून नव्यानं नोंद होणाऱ्या टॅक्सी-बसगाड्यांना ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं झालं. भाईजानच्या जीपला यातलं काही नव्हतं. तुमच्या गाडीत असेल तर ते चालू आहे का, एवढं बघून ठेवा.

एक प्रश्न मात्र मला अजून छळतो. रस्त्यात कुणी हात केला, तर तो लुटारू की खरंच अडलेला मुसाफिर? मी भाईजानना विचारलं. ते म्हणाले, "थांबायची भीती वाटली तर थांबू नकोस. पण फोन केल्याशिवाय पुढं जाऊ नकोस." अपघात दिसला तर १०८ ला, बाकी काही वाटलं तर ११२ ला. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यानंच संरक्षण दिलं आहे.

भाईजाननी पासष्टी ओलांडली आहे. मी रात्री उशिरा निघालो की अजूनही त्यांचा फोन येतो. गाडी कशी आहे ते विचारत नाहीत. "पोचलास का?" एवढंच विचारतात.